वाजवून घेतलेली चाकं

माझी थोरली बहीण ॲल्युमिनियमला पॉलिश करते. पॉलिश म्हटलं की लोकांना बूट आठवतात, म्हणून आधीच सांगतो: जुन्या गाड्यांची चाकं. टायर उतरवल्यावर आत जी धातूची रिम राहते, ती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हौशी लोकांच्या गाड्यांना ओतीव ॲल्युमिनियमची चाकं असत. ती आमच्याकडे येतात तेव्हा त्यांची पार रया गेलेली असते. ब्रेकची काळी भुकटी भाजून भाजून चिकटलेली, वर मारलेल्या पारदर्शक लाखेचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली धातूवर पांढरे फोड. ताईच्या हातून बाहेर पडतात तेव्हा त्यांत बघून भांग पाडावा.

शेड माझी आहे. मी इंजिनाचं आणि पत्र्याचं काम करतो. दोन गाड्या जेमतेम मावतात, तिसरी आली की पहिलीला रस्त्यावर काढावं लागतं. मागच्या अंगाला जाड पडदा टाकून ताईची खोली केली आहे. फिरत्या कापडी चाकावर चकाकी काढणारं बफचं मशीन, पाण्याचं टाकं, छताला एक आकडा, आणि जाळी लावलेली खिडकी, जिच्यातून उजेड यायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथली धूळ राखाडी आणि तेलकट. संध्याकाळी घरी निघताना ताई कोपरापर्यंत हत्तीच्या रंगाची झालेली असते. दाजी, म्हणजे तिचे यजमान, शाळेत कारकून आहेत. ते म्हणतात, "आमच्या घरात मला साबण कधी दिसत नाही, साबणाचा खोका दिसतो."

ताई एकोणीस वर्षांची असताना भांड्यांच्या कारखान्यात लागली. पातेल्यांना चकाकी द्यायचं काम. तिथे एक म्हातारे तपासनीस होते. स्टुलावर बसून डोळे मिटायचे आणि पुढून जाणाऱ्या प्रत्येक पातेल्यावर लाकडी दांड्याचा एक टोला द्यायचे. अखंड भांडं खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द. चांगलं उजवीकडे, चिरलेलं डावीकडे. ताई जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसायची. वर्षभरानं त्यांनी दांडा तिच्या हातात दिला आणि स्वतः उन्हात जाऊन बसले. पुढची कित्येक वर्षं तपासणी ताईची आणि हजेरी त्यांची, असं ती अजून सांगते. रागानं नाही, कौतुकानं.

कारखाना बंद पडला तेव्हा ती छत्तिशीची होती. दोन महिने घरात बसून तिनं दारांच्या कड्यासुद्धा घासून काढल्या. शेवटी दाजींनीच मला सांगितलं, "हिला काहीतरी दे बाबा, नाहीतर ही मला पॉलिश करेल." मी तिला शेडमध्ये आणलं आणि एका गिऱ्हाइकाचं काळं पडलेलं चाक पुढ्यात ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे पातेलंच आहे की," ती म्हणाली. "फक्त यात दूध राहायचं नाही."

मग तिनं चाकाच्या मधल्या भोकातून दोर ओवला, ते आकड्याला टांगलं आणि हातोडीच्या लाकडी दांड्यानं त्यावर टोला दिला. कान जवळ नेला, पुन्हा एक टोला. "हे चांगलं आहे. घासते."

तेव्हापासून ती रीतच पडली. आधी वाजवायचं, मग लाख काढायची, मग घासायचं, आणि शेवटी पुन्हा एकदा वाजवायचं. सतरा वर्षांत तिनं नऊ चाकं परत पाठवली. "हे बद्द आहे, हे गाडीला लावू नका." मला विचाराल तर मला सगळी चाकं सारखीच वाजतात. एका मालकानं चिडून तिनं नाकारलेलं चाक कापून पाहिलं, तर आत करंगळीएवढी लांब भेग. ती गोष्ट पसरली. जुन्या गाड्यांचा शौक असलेली माणसं थोडकी आणि एकमेकांना ओळखणारी. ती गाडी विकत घेताना विचारू लागली, "ताईनं वाजवून घेतलीत का चाकं?" माझी अर्धी शेड त्या एका प्रश्नावर चालली, हे मी कबूल करतो.

मशीनजवळ ती कान झाकायची नाही. मी दोनदा झाकणं आणून दिली, दोन्ही वेळा ती खिळ्याला लटकत राहिली. "कान झाकले तर मशीन काय म्हणतंय ते मला कळणार कसं? जास्त दाबलं की त्याचा सूर चढतो." तेही खरं होतं. सूर चढला की ती हात हलका करायची, म्हणून तिच्या चाकांवर कधी भाजल्याचे डाग पडले नाहीत.

गेल्या तीन वर्षांत केव्हातरी ताईचं ऐकणं कमी होऊ लागलं. केव्हा, ते सांगता येत नाही. अशा गोष्टीला तारीख नसते. मी पडद्याआडून म्हणायचो, "ताई, चहा," आणि ती म्हणायची, "काय पाहा?" आम्ही हसायचो. फोन वाजला की ती हात काळे आहेत म्हणायची आणि मी घ्यायचो. घरी दाजी घ्यायचे. घरातली पोरं म्हणत, आत्याला ऐकायचं नसलं की ऐकू येत नाही. तिचा स्वभाव पहिल्यापासून असाच, आपल्याच तंद्रीतला, त्यामुळे ते खपून गेलं. पण मी एक बघत होतो. चाक वाजवताना ती आता कान जवळ नेत नव्हती. टोला दिला की डावा तळवा रिमवर सपाट ठेवायची आणि डोळे मिटायची. मी ते बघितलं आणि कानाडोळा केला.

मग दातांचे डॉक्टर आले. साठीच्या आसपासचा, बारीक, नीटनेटका माणूस. त्यांच्या वडिलांची गडद निळी दोन दारांची गाडी अकरा वर्षं कापडाखाली उभी होती. इंजिन मी केलं. चाकं पाच आऱ्यांची, जाडजूड, आणि इतकी काळवंडलेली की आधी मला ती लोखंडी वाटली. डॉक्टरांची मोठी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची, ऐंशी वर्षांची. तिला घेऊन या गाडीतून त्यांच्या जुन्या गावापर्यंत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शनिवारी निघायचं, घाट चढायचा, उतरायचा, रात्री बहिणीकडे मुक्काम. बहिणीनं महिनाभर आधीच बॅग भरून ठेवली होती म्हणे.

ताईनं पहिलं चाक टांगलं तेव्हा डॉक्टर बघत उभे होते. ते म्हणाले, "मीही ठोकूनच बघतो हो ताई. फक्त माझं गिऱ्हाईक ओरडतं."

मी हसलो. ताई माझ्याकडे बघून हसली. मी हसल्यावर, एक क्षण उशिरा.

पहिल्या चाकावर तिनं टोला दिला, तळवा ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "खणखणीत आहे." दुसरं तसंच. तिसऱ्यावर तिनं एक टोला दिला, मग दुसरा, मग जागा बदलून तिसरा. दोर सोडून चाक फिरवून टांगलं. पुन्हा तळवा ठेवला. तिच्या कपाळावर आठी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाना शोधायला वळलो. पाना माझ्या खिशातच होता.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि चौथं घेतलं.

पुढचे अकरा दिवस तिनं त्या चाकांवर जीव ओतला. लाख काढायचं औषध ब्रशनं लावून ती पापुद्रे उचलायची, मागच्या बाजूनंसुद्धा, जिकडे कोणी बघत नाही. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग इतका बारीक की बोटाला कागदच वाटावा. आऱ्यांच्या बेचक्यात मशीन जात नाही, तिथे ती कापडाच्या पट्टीनं घासते, बूट पुसणाऱ्यासारखी, पण तासन्‌तास. शेवटी बफ, आणि उरलेला काळा लेप खडूच्या भुकटीनं पुसायचा. डॉक्टरांना वर लाख नको होती, नुसतं मेण हवं होतं. गुरुवारी सकाळी चाकं गाडीला लागली तेव्हा डॉक्टर खाली बसून त्यांत स्वतःचे दात बघू लागले. तो दिवस आनंदाचा होता. शेडमधून गाडी बाहेर पडताना शेजारचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले.

शुक्रवारी दुपारी ताईनं डबा उघडला नाही. माझ्या समोर तेलाच्या डब्यावर येऊन बसली आणि तिच्या त्या हल्लीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तिसरं चाक मला ऐकू आलं नाही."

"म्हणजे बद्द होतं?"

"बद्द नाही. काहीच नाही. हाताला आलं थोडंसं. पण बाकीच्यांसारखं नाही आलं."

"मग ठीक आहे का म्हणालीस?"

"तू बघत होतास," ती म्हणाली. "डॉक्टर बघत होते. मला वाटलं मीच चुकत असेन."

मी विचारलं, कधीपासून असं होतंय. तिनं हातातल्या डब्याचं झाकण गोल गोल फिरवलं. "बारीक आवाज दोन वर्षं झाली गेले. पक्षी गेले, कुकरची शिट्टी गेली. चाकाचा नाद त्यातच गेला. मी हातानं काम भागवत होते. हाताला कळतं रे. म्हणजे मला वाटायचं, कळतं."

यावर पहिली गोष्ट मी काय म्हणालो, ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, त्याच चाकांवर डॉक्टरांचे वडील वीस वर्षं फिरले. उगाच कशाला बोभाटा करायचा? परत आले की बघू."

तिनं माझ्या ओठांकडे नीट बघून ते सगळं वाचलं. मग उठली, टाक्यापाशी जाऊन हात धुतले, साबण दोनदा लावून, आणि डोक्याचा रुमाल सोडला. "ते उद्या घाटात जाणार आहेत. मला फोनवर बोलता येत नाही. चल माझ्याबरोबर."

दवाखान्यात बाकावर चार जण बसले होते, एकाच्या गालाला सूज. आम्ही आत जाणार नाही म्हटल्यावर डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. ताईनं सगळं तिथेच सांगितलं. हळू बोलायचा तिचा विचार असणार, पण तिला आपला आवाज कळत नव्हता. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षांपासून येत नाही. तुमची चाकं मी न ऐकता चांगली म्हटली. उद्या जाऊ नका." सूज आलेल्या माणसानंही मान वर केली.

डॉक्टर आधी हसण्याच्या बेतात होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. तेव्हा त्यांचं तोंड उतरलं.

"बहिणीला काय सांगू?" ते म्हणाले. "ती सकाळपासून खिडकीत बसेल." मग हातमोजे काढत म्हणाले, "बरं. चाकं तपासून घेऊ. दुपारपर्यंत झालं तर दुपारी निघेन."

माझ्या ओळखीचा एक तपासनीस आहे, टाक्यांचे आणि पाइपांचे सांधे तपासणारा. त्याच्याकडे फवारे असतात. लाल रंग मारायचा, थांबायचं, पुसायचा, मग पांढरा मारायचा. भेग असली तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. त्यात ऐकायचं काही नाही. तो शनिवारी दहाला शेडमध्ये आला. चाकं मी सकाळीच डॉक्टरांच्या घरून काढून आणली होती. डॉक्टर प्रवासाचे कपडे घालूनच आले, हातात पाण्याची बाटली. दाजीही आले, ते शनिवारी कधी शेडकडे फिरकत नाहीत. ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

मी म्हणालो, "तिसरं आधी बघ." ताईनं वाजवली त्याच क्रमानं मी चाकं गाडीला लावली होती, त्यामुळे काढताना मागून खडूनं तेच आकडे टाकले होते.

तपासनिसानं आधी कसल्यातरी औषधानं मेण आणि वरची चकाकी उतरवली. ताईचे अकरा दिवस त्यानं पाच मिनिटांत पुसले. कारण विचारलं तर म्हणाला, "घासताना धातू मऊ होऊन भेगेवर ओढला जातो. तोंड बंद होतं तिचं. जितकं पॉलिश चांगलं तितकी भेग लपते." त्याच्या मनात टोमणा नव्हता. तो आपला कामाचं बोलत होता. ताईला ते ऐकू गेलं की नाही मला कळलं नाही, मी तिच्याकडे बघितलंच नाही.

लाल मारला. वीस मिनिटं थांबलो. पुसला. पांढरा मारला. तिसऱ्या चाकावर काहीही उमटलं नाही. पाचही आरे स्वच्छ, पांढरेशुभ्र.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि घड्याळ बघितलं. मी दाजींकडे बघून हसलो. डॉक्टर म्हणाले, "झालं तर मग. लावून टाकू या?"

"डबे उघडलेच आहेत," तपासनीस म्हणाला. "चारही बघून टाकतो."

पहिल्या चाकावर एक लाल रेघ आली. मागच्या बाजूनं, आरा जिथे मधल्या गोलाला मिळतो तिथे. आधी ठिपके, मग ठिपके जोडले जाऊन रेघ, अंगठ्याच्या नखाएवढी. आम्ही बघत असतानाच ती ठळक होत गेली. तपासनिसानं पेन्सिलीनं तिच्या दोन्ही टोकांना खूण केली. "वर एवढी दिसते. आत किती आहे ते सांगता यायचं नाही. हे चाक लावू नका."

ताई जवळ आली. चष्मा वर करून तिनं रेघ पाहिली, बोट लावलं नाही. मग चाक कलतं करून मागचा खडूचा आकडा पाहिला.

"हे तर मी मोठ्यानं सांगितलं होतं," ती म्हणाली.

ज्या चाकाचा तिला संशय आला ते धड निघालं, आणि ज्याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती ते चिरलेलं. हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात थोडं थोडं उशिरानं आलं. तिला मात्र लगेच आलं होतं. तिची चूक एका चाकापुरती नव्हती. तिचा हात तिला काहीच सांगत नव्हता, दोन वर्षं, आणि ती त्याचं ऐकत होती.

डॉक्टर शेडच्या उंबऱ्यावर बसले. बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत लावत राहिले. "पुढच्या डाव्या बाजूला होतं हे," ते म्हणाले. "ताईला मी पुढेच बसवणार होतो." त्यांच्या ताईला. आमची ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तिला ते कळलं. तिनं काही माफी वगैरे मागितली नाही. मागून काय होणार होतं? डॉक्टर रागावले नाहीत, आणि बरं झालं तुम्ही सांगितलंत असंही म्हणाले नाहीत. मी गाडीला साधी लोखंडी चाकं लावून दिली. ते पुढच्या आठवड्यात बहिणीकडे जाऊन आले, असं नंतर कळलं. आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत.

सगळे गेल्यावर मी दाजींना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे," ते म्हणाले, "मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. दाराची घंटा वाजली की तिला हातानं खूण करत होतो. मला वाटलं, घरातली गोष्ट आहे. आपण घरात सांभाळू. चाकाशी तिचा काय संबंध, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी मग मला विचारलं, "तुझ्या आलं होतं?"

मी खोटं बोललो नाही, एवढंच म्हणतो.

ताई त्या दिवशी घरी गेली नाही. पडद्यामागे एका खोक्यावर बसून तिनं दोन वर्षांतल्या गाड्या आठवायला सुरुवात केली. ती नावं लक्षात ठेवत नाही, गाड्यांचे रंगही फारसे नाही. चाकं लक्षात ठेवते. "आठ आऱ्यांचं, एका बाजूला फूटपाथला घासलेलं. जाळीचं, ज्याच्यात बोट अडकलं होतं माझं. चार भोकांचं, मालक सारखा शिंकायचा." ती सांगत गेली, मी माणसं लावत गेलो. तेवीस गाड्या निघाल्या.

पुढचे चार महिने आमचे त्यातच गेले. मी एकटा फोन करून बोलावतो म्हणालो, तर तिनं ऐकलं नाही. प्रत्येकाच्या दारात ती स्वतः आली. तेच वाक्य, तोच मोठा आवाज, जिन्यात, दुकानात, एकदा एका बँकेत, जिथे सगळी रांग वळून बघायला लागली. मी शेजारी उभा असायचो आणि मला जमीन दुभंगावी असं व्हायचं. काही जणांनी आम्हाला बसवून घेतलं. काही जणांनी दारातूनच गाडी पाठवतो म्हटलं. एका निवृत्त इंजिनिअरनं तिला तासभर ध्वनीचं शास्त्र समजावलं, त्यातला एक शब्दही तिला ऐकू आला नाही आणि ती मान डोलवत राहिली. दोघांनी सरळ नाही म्हटलं. त्यातला एक म्हणाला, "माझी चाकं उत्तम आहेत. तुम्ही तुमची डोकी तपासून घ्या." त्याच्या गाडीत त्याची नातवंडं बसतात. ताई त्याच्याकडे तीनदा गेली. तिसऱ्या वेळी त्यानं दार उघडलं नाही.

वीस गाड्या तपासल्या. चाकांवरची लाख काढावी लागायची, मग फवारे, मग ताई ती चाकं पुन्हा पहिल्यापासून घासायची. आणखी एक भेग सापडली. एका शिंपिणीच्या लहानशा पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकात, केसाएवढी. शिंपीण रोज त्या गाडीतून मुलीला शाळेत सोडायची. तिनं ती रेघ पाहिली आणि तिथेच खाली बसली. नंतर ती ताईचा हात धरून बसून राहिली, आणि मला वाटतं ताईला डॉक्टरांच्या गप्प बसण्यापेक्षा ते जास्त जड गेलं. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "हात कशाला धरला तिनं माझा?"

मधल्या काळात मी तिला कानांच्या तज्ज्ञाकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेरून मला ते आवाज ऐकू येत होते, कारण दार नीट लागलं नव्हतं. जाडे आवाज आले तेव्हा तिनं दाबलं. मग बारीक होत गेले, पार शिट्टीसारखे, आणि ती बटणावर अंगठा ठेवून, पुढे झुकून, वाट बघत बसलेली. परीक्षेत प्रश्नच न आलेल्या मुलीसारखी. तज्ज्ञ म्हणाले, चौतीस वर्षं मशीनशेजारी, दुसरं काय होणार. जे गेलं ते परत येत नाही. कानात घालायच्या यंत्रानं बोलणं ऐकू येईल. तो नाद येणार नाही.

यंत्र तिनं घेतलं. पहिल्या दिवशी घरी दाजी जेवताना किती आवाज करतात हे तिला कळलं आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दाजींनी मला फोन करून सांगितलं, "काढून घे ते परत." पण ते खूश होते.

त्या गाड्यांची फेरी संपल्यावर दोन महिने ती शेडमध्ये आली, पण मशीनला हात लावला नाही. टांगायचा दोर तिनं स्वतः आकड्यावरून काढला. मी म्हणालो, "ताई, घासायला कान कशाला लागतात?" ती म्हणाली, "मला माहीत आहे ते. थोडं थांब." मी थांबलो. काम येणं कमी झालं. बातमी जशी चांगली पसरली होती तशी ही पसरली, किंबहुना जास्त वेगानं. मी बाहेरच्या कोणाकोणाची साधी कामं धरली. तिला ते दिसत होतं. एके दिवशी दुपारी पडद्यामागून मशीनचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर ती खिळ्यावरची ती झाकणं कानांवर चढवून, कानातलं यंत्र डबीत ठेवून, एका दरवाज्याची मूठ घासत होती. सूर ऐकू येत नसल्यामुळे मुठीवर एक भाजल्याचा डाग पडला होता. तिनं तो मला दाखवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आता ती चाकंही करते. तपासनीस दर दुसऱ्या सोमवारी फवारे घेऊन येतो. गिऱ्हाइकांनी विचारलं, चाक कसं आहे ताई, तर ती म्हणते, "चकचकीत आहे. चांगलं आहे का, ते सोमवारी कळेल." काही जणांना हे आवडतं, काही जणांना नाही. माझ्याशी ती पूर्वीसारखी बोलते. पण चाकासमोर उभी असली की आता माझ्याकडे बघत नाही. त्या दिवशी तिनं एकदा बघितलं होतं आणि मी पाना शोधत होतो. त्याबद्दल ती एका शब्दानं बोललेली नाही आणि मीही विषय काढलेला नाही.

तेविसावी गाडी मिळालेली नाही. हिरव्या रंगाची, चाकांना लांबट आठ खिडक्या असलेली. मालक जमिनीची मोजणी करणारा माणूस होता, त्याची बदली झाली. फोन लागत नाही. जुन्या घरमालकानं दिलेल्या पत्त्यावर ताईनं दोन पत्रं पाठवली, दोन्ही परत आली. मी म्हणतो, त्यानं गाडी विकली असेल, ती कुठेतरी उभी असेल. ती ऐकून घेते.

गेल्या आठवड्यात आम्ही पॉलिश पेपर आणायला निघालो होतो. चौकात सिग्नलला एक हिरवी गाडी थांबली. मी काही म्हणायच्या आत ताई फूटपाथवरून उतरून गाडीच्या बाजूला वाकली होती. चालवणाऱ्यानं काच खाली करून मला विचारलं, "काय पडलंय का त्यांचं?"

"नाही," मी म्हणालो. "चाक बघतेय."

चाकं साधी लोखंडी होती, वरून टोप्या लावलेली. पुढच्या चाकावर ते दिसल्यावरही ती थांबली नाही, मागच्यापाशीही गेली. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी तिचा दंड धरला.

"थांब, नीट बघू दे," ती म्हणाली.

मी हात वर करून मागच्यांना थांबवलं. तिचं बघून झाल्यावर आम्ही रस्ता ओलांडला आणि दुकानात गेलो.